आधी गटार, मग ट्यूब: पाण्याने भरायचा तात्पुरता पूरबांध दारापुढे कसा उभारायचा

2024 च्या जुलैत कोल्हापुरात पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा आमच्या सोसायटीच्या गेटवर ट्यूब टाकून झाली होती. बाहेर फूटभर पाणी, आत कोरडं. सगळे गेटकडे तोंड करून उभे, आणि पाणी आलं पाठीमागून. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या चेंबरचं झाकण हललं, त्याच्या कडेने काळं पाणी बुडबुडत वर आलं आणि तासाभरात पार्किंगमध्ये घोट्याएवढं साचलं. पुढची ट्यूब शेवटपर्यंत जागची हलली नव्हती.

ट्यूबमध्ये दोष नव्हता, आमचा क्रम चुकला होता. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच सोसायट्यांत आणि दुकानांच्या ओळींत ही ट्यूब टाकायला मी हाताशी होतो. चुका सगळीकडे त्याच: पाणी गेटला लागल्यावर ट्यूब उघडायची, गटाराकडे बघायचंच नाही, आणि एकदा बांध उभा राहिला की त्याच्या आड निर्धास्त झोपायचं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. टप्पे पुढे-मागे करू नका.

मी बोलतोय ते जाड पीव्हीसी कापडाच्या लांब पिशवीबद्दल. जमिनीवर अंथरायची, पंपाने पाणी भरायचं, आणि पाण्याच्याच वजनाने ती पाणी अडवते. रस्त्याच्या कामावर दिसणारे लाल-पांढरे प्लास्टिकचे बॅरिकेड वेगळे. त्यांच्या सांध्यांतून आणि बुडाखालून पाणी सरळ आत येतं, आणि रिकामे असतील तर ते तरंगून निघून जातात. पूर अडवायला ते वापरू नका.

## टप्पा 1: तुमच्या गेटचा आकडा काढा

कोल्हापुरात सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर बोलतात. इशारा 39 फूट, धोका 43 फूट. पण हे आकडे शहराचे झाले. तुमच्या गेटचा आकडा वेगळा आहे आणि तो तुम्हालाच काढावा लागेल.

सोपी रीत अशी. 2019, 2021 आणि 2024 या तीन पुरांत तुमच्या गेटच्या उंबऱ्याला पाणी कधी लागलं ते शेजाऱ्यांना विचारा. तेव्हाचे मोबाइलमधले फोटो काढायला सांगा, फोटोवर तारीख आणि वेळ असते. त्या वेळी बंधाऱ्यावर किती पातळी होती ते जुन्या बातम्यांत सापडतं. दोन पुरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले की तो तुमचा आकडा. तो गेटच्या खांबावर ऑइल पेंटने लिहून ठेवा.

उदाहरणासाठी धरू की तुमचा आकडा 46 फूट आहे. बंधाऱ्यावर 47 झाले की गेटवर साधारण फूटभर पाणी, 48 झाले की दोन फूट. हे अगदी काटेकोर नसतं, कारण शहरातून पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्याची फूग, गल्लीचा उतार, मधल्या भिंती यांनी फरक पडतो. पण निर्णयाला एवढं पुरतं.

आता कटू भाग. 2019 ला पातळी 55 फुटांवर गेली आणि 2021 ला 56 फुटांवर. 46 च्या गेटवर तेव्हा नऊ-दहा फूट पाणी होतं. तिथे ही ट्यूब काहीही करू शकत नाही. ती फूट-दीड फूट पाण्यासाठी आहे, म्हणजे पुराच्या काठावरच्या घरांसाठी आणि 2024 सारख्या वर्षांसाठी. सुतारवाडा किंवा पंचगंगा घाटालगत जिथे पाणी दरवेळी पुरुषभर चढतं, तिथे हा पैसा खर्च करू नका. तिथे सामान वर नेणं आणि माणसं वेळेत हलवणं हाच उपाय. वाहत्या पाण्याच्या तोंडावरही ट्यूब टाकायची नाही. ती साचून, फुगून चढणाऱ्या पाण्यासाठी आहे.

तपासा: तुमच्या गेटचा आकडा 43 च्या आत येत असेल तर दर दोन-तीन वर्षांनी तुम्हाला ट्यूबच्या आवाक्याबाहेरचं पाणी बघावं लागेल. खरेदीआधी सोसायटीच्या बैठकीत हे स्पष्ट सांगा.

## टप्पा 2: ट्यूब निवडा, हिशोब मांडा

पाण्याचा जोर उंचीबरोबर नुसता वाढत नाही. उंची दुप्पट झाली की जोर चौपट होतो. एक मीटर लांबीच्या बांधावर 30 सेंमी पाणी साधारण 45 किलोचा आडवा रेटा देतं. 60 सेंमी झालं की 180 किलो. 90 सेंमीला 400 किलोच्या वर. हे आकडे एकदा डोक्यात बसले की "अजून सहा इंच धरेल की" असं म्हणायची हिंमत होत नाही.

दुसरी गोष्ट, ट्यूबचं वजन बाहेरचं पाणी चढेल तसं कमी पडत जातं. ट्यूबमधलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच जातीचं. बाहेरची पातळी ट्यूबच्या माथ्याला टेकली की तिला जमिनीवर दाबून धरणारं फारसं काही उरत नाही आणि ती घसरते. म्हणून माथ्याला चांगली जागा सोडावी लागते. उत्पादक ट्यूबच्या उंचीच्या जास्तीत जास्त तीन-चतुर्थांशापर्यंत पाणी धरा म्हणतात. मी दोन-तृतीयांशावरच थांबतो, कारण आपले रस्ते सपाट नाहीत आणि ओल्या डांबरावर चिखल असतो. 60 सेंमीच्या ट्यूबने 40 सेंमी पाणी धरायचं, म्हणजे सोळा इंच.

एकच गोल पोकळी असलेली ट्यूब घेऊ नका. ती एका बाजूने रेटा आला की लाटण्यासारखी गडगडते. आत उभा पडदा असलेली किंवा एकाच बाहेरच्या खोळीत शेजारी-शेजारी दोन ट्यूब असलेली घ्या.

पाणी किती लागेल? 60 सेंमी उंचीच्या जोड-ट्यूबला मीटरमागे साधारण 600 लिटर धरा. गेट आणि दोन्ही बाजूची मोकळी जागा मिळून 15 मीटर असेल तर 9,000 लिटर. दहा हजारी टँकर एक. हा आकडा आताच लिहून ठेवा, कारण पुराच्या दिवशी कोल्हापुरात नळाला पाणी नसतं. 2019 आणि 2021 ला शहराला पाणी देणारे शिंगणापूर आणि बालिंग्याचे उपसा पंप पाण्याखाली गेले होते. टँकर मिळाला तरी तो आधी प्यायच्या पाण्यासाठी जाईल, आणि तसाच जायला हवा. म्हणून भरायचं पाणी बोअरचं किंवा विहिरीचं, आणि तेही वीज जायच्या आत.

लांबीचा हिशोब करताना दोन्ही टोकं कुठे टेकणार ते आधी ठरवा. टोक एकतर चढाच्या जागी संपलं पाहिजे किंवा पक्क्या इमारतीच्या कोपऱ्याला भिडलं पाहिजे. चार इंची विटांच्या कंपाउंडला टोक टेकवून निश्चिंत होऊ नका. ती भिंत वाऱ्यापावसासाठी बांधलेली असते, पाण्याच्या रेट्यासाठी नाही.

## टप्पा 3: मृग लागण्याआधी सराव

हा टप्पा लोक टाळतात आणि त्याचीच किंमत पुरात मोजतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक रविवार काढा. ट्यूब पूर्ण उघडा, तिच्या ठरलेल्या जागी अंथरा आणि निम्मी तरी भरा. पाणी वाया जात नाही, नंतर झाडांना सोडा.

त्या दिवशी तीन गोष्टी कळतात. एक, कपलिंग. पंपाची डिलिव्हरी पाइप दोन इंची आणि ट्यूबचं तोंड अडीच इंची, हे रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात कळण्यापेक्षा उन्हात कळलेलं बरं. दोन, माणसं. रिकामी ट्यूबही जड असते, कोण कुठे उभं राहणार ते ठरून जातं. तीन, वेळ. गुंडाळी सोडण्यापासून पूर्ण भरेपर्यंत घड्याळ लावून मोजा आणि आलेला वेळ दुप्पट करा. अंधार, पाऊस आणि घाई यांचा तो हिशोब.

हाताशी काय हवं:

- पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे दोन पंप, एक भरायला आणि एक आतलं पाणी उपसायला. फक्त विजेच्या पंपावर राहू नका, महावितरण पूरभागातली वीज बंद करतं आणि ते बरोबरच आहे.
- गटारांच्या पाइपांत बसणारे हवा भरायचे रबरी प्लग, मापाचे.
- वाळूची पोती तीस-चाळीस, दोन-तृतीयांश भरलेली. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं होतं, ते फटीत बसत नाही.
- जाड ताडपत्री, जुन्या सतरंज्या किंवा कार्पेट, झाडू, फावडं, पंक्चरचं साहित्य.
- खडू किंवा ऑइल पेंट, मोजपट्टी, टॉर्च, गमबूट.

सरावातच महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला आणि शेजारच्या इमारतींना कळवून टाका. सार्वजनिक रस्ता किंवा नाला अडवता येत नाही. तुमच्या ट्यूबमुळे वळलेलं पाणी शेजारच्या बैठ्या घरात जाणार असेल तर रेषा मागे घ्या. रुग्णवाहिका आणि बचावाची बोट यांची वाट मोकळी राहिली पाहिजे.

## टप्पा 4: मागची वाट बंद करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शहरातल्या बऱ्याच भागात नदी रस्त्याने येण्याआधी गटाराने येते. जयंती नाला फुगला की त्याला मिळणाऱ्या लाइनींत पाणी उलटं फिरतं आणि तुमच्या पार्किंगमधलं, नहाणीतलं, तळमजल्याच्या संडासातलं तोंड हे नदीचंच तोंड होऊन बसतं.

आधी इमारतीभोवती फिरून प्रत्येक तोंड शोधा. पावसाच्या पाण्याचे चेंबर, ड्रेनेजचे चेंबर, गल्ली ट्रॅप (इमारतीबाहेरचा सांडपाण्याचा जाळीचा खड्डा), नहाणी ट्रॅप, कमोड, कंपाउंडच्या भिंतीतली पाणी जायची भोकं, केबल आणि पाण्याच्या पाइपांसाठी पाडलेली भोकं. कागदावर नकाशा काढा आणि नंबर टाका. आमच्या वीस फ्लॅटच्या इमारतीत अशी चौदा तोंडं निघाली. त्यातली सहा कमिटीतल्या कोणालाच माहीत नव्हती.

मग या क्रमाने बंद करा:

1. कंपाउंडमधली भोकं. आत कापडाचा बोळा, बाहेरून सिमेंट किंवा प्लंबरची पुट्टी. हे पावसाळ्याआधीच करता येतं, फक्त एक-दोन भोकं रोजच्या पावसासाठी सोडा आणि त्यांना लाकडी गुट्टा करून ठेवा.
2. पावसाच्या लाइनीचा बाहेर जाणारा पाइप. रबरी प्लग पाइपात हातभर आत सरकवा, प्लगवर छापलेल्या दाबापर्यंतच पंपाने हवा भरा, आणि त्याची दोरी बाहेर पक्क्या कडीला बांधा. दोरी नसलेला प्लग एकदा आत गेला की परत मिळत नाही.
3. ड्रेनेजची लाइन. सगळ्यात शेवटी, आणि सगळ्या मजल्यांना सांगून.

तिसऱ्याचं कारण नीट समजून घ्या. बाहेर जाणारी लाइन प्लगने बंद केली की वरच्या मजल्यावरच्या माणसाने ओढलेलं फ्लशचं पाणी कुठेच जात नाही. ते तळमजल्याच्या कमोडमधून वर येतं. म्हणजे नदी अडवली आणि घरातलीच घाण तळमजल्यावर सोडली. म्हणून प्लग लावण्याआधी प्रत्येक दारावर जाऊन सांगायचं: आता संडास, न्हाणी, वॉशिंग मशिन बंद. किती वेळ ते बंद ठेवणं जमेल हे आधी ठरवा. वयस्कर माणसं, लहान मुलं असलेली कुटुंबं प्लग लावण्याआधीच नातेवाइकांकडे गेली तर सगळ्यांचंच सोपं होतं. दरवर्षी त्रास होत असेल तर लाइनीवर पक्का नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घ्या. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. पण तो बंद झाल्यावरही वरचं पाणी अडतंच, नियम तोच.

नहाणी ट्रॅपसाठी एक स्वस्त युक्ती आहे. ट्रॅपच्या तोंडात रबरी कॉलर लावून तीन फुटी पीव्हीसी पाइप उभा घट्ट बसवा. गटारातलं पाणी बाहेरच्या पातळीएवढंच पाइपात चढतं आणि तिथेच थांबतं, खोलीत पसरत नाही.

सावधान: चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही. झाकण उघडून लगेच डोकं घालायचं नाही. आतला वायू दिसत नाही आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. प्लग वरून, काठीच्या मदतीने बसत नसेल तर तो बसवायचा सोडून द्या आणि झाकणावर ताडपत्री टाकून वाळूची पोती रचा.

जमिनीतली पाण्याची टाकी भरून ठेवा आणि तिचं झाकण सील करा. रिकामी टाकी आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने उचलली जाते, निदान तडकते तरी. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिचा स्विच बंद करा.

## टप्पा 5: रेषा आखा, जमीन साफ करा

ट्यूब जिथे बसणार ती रेषा खडूने आखा. इमारतीच्या भिंतीपासून निदान ट्यूबच्या रुंदीएवढं अंतर सोडा, कारण आत फिरून बघायला, पोती टाकायला आणि पंप ठेवायला जागा लागते. रेषा शक्यतो सरळ. वळण हवंच असेल तर रुंद. काटकोनात वळवलेल्या ट्यूबला आतल्या बाजूला चुणी पडते आणि त्या चुणीखालून पाणी धावतं.

जमिनीचा चढउतार गवंड्याच्या पद्धतीने मोजा. पारदर्शक नळी पाण्याने भरा, एक टोक गेटपाशी, दुसरं रेषेच्या शेवटी धरा, दोन्हीकडे पाणी कुठे उभं राहतं त्याची खूण करा आणि त्या खुणांपासून जमीन मोजा. दहा मिनिटांचं काम. याचा उपयोग पुढच्या टप्प्यात आहे.

मग झाडायला घ्या. खडी, काचा, खिळे, लोखंडी तारांचे तुकडे सगळं. गुडघ्यावर बसून उघड्या तळव्याने रेषा चाचपा, डोळ्याला न दिसलेला खिळा हाताला लागतो. गेटची खाली आलेली कडी, फरशीची वर आलेली कड यावर जुनी सतरंजी टाका, पण तेवढ्याच ठिकाणी. सगळ्या रेषेखाली कार्पेट अंथरलं तर पाणी त्यातूनच पाझरत येईल.

पेव्हर ब्लॉक ही आपल्याकडची मोठी अडचण. वरून सपाट दिसतात, खाली वाळूचा थर असतो आणि त्यातून पाणी वाहतं. ते बारीक झिरपलं तर पंप सांभाळतो, पण बाहेर फूटभर पाणी असताना वाळू धुऊन निघायला लागली तर ब्लॉक बसतात आणि त्यावरची ट्यूबही. दीर्घ उपाय म्हणजे गेटच्या रेषेवर दोन मीटर रुंदीचा पट्टा काढून तिथे काँक्रीट कोबा करून घेणं. तात्पुरता उपाय: बाहेरच्या बाजूला ताडपत्री पसरा, तिची एक कड ट्यूबखाली पूर्ण आत घ्या आणि दुसरी कड मीटर-दीड मीटर पुढे नेऊन तिच्यावर पोती रचा. पाण्याला मग ब्लॉकखालून लांबची वाट धरावी लागते.

## टप्पा 6: अंथरा आणि भरा

कधी? तुमच्या गेटच्या आकड्यापेक्षा बंधाऱ्याची पातळी तीन फूट कमी असताना ट्यूब पूर्ण भरून झालेली असावी. आकडा 46 असेल तर 43 ला काम संपलेलं. म्हणजे 39 ला, इशारा पातळीला, टप्पा 4 ला हात घातलेला. गगनबावड्याकडे पाऊस लागून राहिला असेल आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कळलं असेल तर आणखी आधी. 2021 ला पातळी ज्या झपाट्याने चढली ते ज्यांनी बघितलं आहे ते "सकाळी बघू" म्हणणार नाहीत.

1. गुंडाळी उलगडा, ओढू नका. डांबरावरून ओढलेल्या ट्यूबला बारीक छिद्रं पडतात आणि ती भरल्यावरच दिसतात.
2. चुण्या हाताने काढा. भरायची तोंडं आतल्या, म्हणजे कोरड्या बाजूला यायला हवीत. हे उलटं झालेलं मी दोनदा बघितलं आहे. मग पाणी कमी पडल्यावर भरायला पुरात उतरावं लागतं.
3. दोन तुकडे जोडायचे असतील तर जोड सरळ भागात, वळणावर किंवा टोकाशी नाही. एका तुकड्यावर दुसरा किती यायला हवा ते उत्पादकाने सांगितलेलं असतं, तेवढं पूर्ण घ्या.
4. दोन्ही कप्पे बरोबरीने भरा. एक भरून मग दुसरा असं केलं तर ट्यूब वळते.
5. पाव भरल्यावर पंप थांबवा. रेषेवरून चालत जा. टोकं भिंतीला टेकली का, खड्ड्यावर कुठे ट्यूब अधांतरी राहून पूल झालाय का, खाली हात जातोय का? आत्ता दोन माणसं ती सरकवू शकतात. अर्धी भरल्यावर दहा माणसांनाही हलणार नाही.
6. मग पूर्ण भरा, हवा सोडायची तोंडं उघडी ठेवून. अडकलेली हवा म्हणजे कमी झालेलं वजन.

आता उताराचं. ट्यूबमधलंही पाणी पाणीच, ते आपली पातळी शोधतं. 15 मीटरच्या रेषेत जमीन 15 सेंमी उतरत असेल तर खालचं टोक फुगून 60 सेंमी होईल आणि वरचं 45 वरच राहील. लोकांना वरचं टोक ढिलं वाटतं, ते आणखी पाणी भरतात आणि खालच्या टोकाची शिवण उसवते. वरचं टोक घट्ट करायची गरजच नाही. पुराचं पाणीही त्याच उतारावर येतं, वरच्या टोकाशी तेही 15 सेंमी कमीच असणार. खालच्या टोकाची उंची मोजा आणि तिथे ठरलेली उंची झाली की पंप बंद. उतार याहून जास्त असेल तर लांब ट्यूबऐवजी छोटे तुकडे वापरा.

शेवटी दोन्ही टोकांच्या फटींत वाळूची पोती विटांसारखी सांधेमोड करून रचा आणि पायाने दाबा.

तपासा: ट्यूबच्या आतल्या बाजूने जमिनीला जिथे ती टेकते तिथे खडूची किंवा पेंटची सलग रेघ ओढा. बाहेरच्या अंगावर बुडापासून दोन-तृतीयांश उंचीवर ठळक पट्टा ओढा. पुढचा सगळा निर्णय या दोन रेघांवर आहे.

## टप्पा 7: आतलं पाणी काढा

बांध पक्का असला तरी आत पाणी साचतंच. 200 चौरस मीटरच्या आवारात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 20,000 लिटर पाणी होतं, आणि त्याची बाहेर जायची वाट तुम्हीच बंद केली आहे. त्यात झिरप वेगळी.

आवारातल्या सगळ्यात खोल कोपऱ्यात पंपाचं तोंड ठेवा, त्याला जाळी लावा. डिलिव्हरी पाइप ट्यूबवरून नेताना खाली सतरंजी घाला, कारण पंपाच्या थरथरीने पाइप ट्यूबला घासत राहते. पाइपचं बाहेरचं टोक पुराच्या पाण्यात बुडवू नका. ते बुडालेलं असलं आणि पंप बंद पडला तर तीच पाइप उलटी ओढायला लागते आणि बाहेरचं पाणी आपणच आत आणतो. टोक उंच बांधा आणि ट्यूबच्या बुडावर धार पडणार नाही एवढं लांब.

सावधान: पंप किंवा जनरेटर जिन्याखाली, बंद पार्किंगमध्ये, दुकानात चालवू नका. त्याच्या धुरातल्या वायूला वास नसतो. उघड्यावर ठेवा, वर पत्र्याचं छप्पर करा.

इमारतीला तळघर असेल आणि भोवतालची जमीन पूर्ण भिजली असेल तर तळघर उपसून कोरडं करायचा हट्ट सोडा. बाहेरून दाब तसाच असतो आणि आतून पाण्याचा आधार काढून घेतला की फरशी उचलते, भिंत आत येते.

## टप्पा 8: राखण

दोन-दोन माणसांच्या पाळ्या लावा. एकट्याने रात्री ट्यूबजवळ जायचं नाही. दर तासाला वहीत चार गोष्टी लिहा: बंधाऱ्याची पातळी, गेटवरचं पाणी, खडूच्या रेघेपासून ट्यूब किती सरकली, आणि झिरपणाऱ्या पाण्याचा रंग.

रंग महत्त्वाचा आहे. स्वच्छ पाणी झिरपतंय तोपर्यंत फक्त पंपाचं काम वाढतं. ते गढूळ झालं, त्यात वाळू दिसायला लागली, तर खालची जमीन धुऊन निघत आहे. त्या जागी आतल्या बाजूने पोत्यांचं अर्धवर्तुळ रचा आणि त्यात थोडं पाणी उभं राहू द्या. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला उलटा दाब देतं आणि वाळू निघायची थांबते. लोक नेमकं उलटं करतात, तिथेच पंप लावून जोरात उपसतात आणि भोक मोठं करतात.

पुराबरोबर जलपर्णी, ओंडके, उसाचा पाला येतो. लांब काठीने बाजूला ढकला, ट्यूबवर चढून नाही. ट्रॅक्टर किंवा मोठी गाडी पाण्यातून गेली की लाट येते आणि ती माथ्यावरून आत उडते. गल्लीच्या तोंडाला दोरी बांधून गाड्या थांबवा.

2019 ला पाणी आठवडाभर उतरलं नव्हतं. तेवढ्या दिवसांत ट्यूब थोडी ढिली पडते. बोटाने दाबून रोज बघा आणि कमी झालं असेल तेवढंच भरा.

## टप्पा 9: सोडून द्यायची रेघ

बाहेरचं पाणी पट्ट्याला टेकलं आणि बंधाऱ्याची पातळी चढतीच आहे, किंवा ट्यूब खडूच्या रेघेपासून चार बोटं सरकली, किंवा गढूळ झिरप पोत्यांनीही थांबत नाही. यातलं एक झालं की बांध राखायचं काम संपलं. तिथे बैठक घ्यायची नाही, आणखी पोती आणायची नाहीत, ट्यूबवर ट्यूब तर अजिबात ठेवायची नाही.

आधी तळमजल्यावरची माणसं बाहेर किंवा वर. मग मेन स्विच बंद. मग पंप बंद करा, आणि सुरक्षित जागेवरून करता येत असेल तर टोकाची दोन-चार पोती काढून पाणी सावकाश आत येऊ द्या. आतबाहेर पातळी जवळ आली की ट्यूब एकदम घसरत नाही. अचानक सुटलेल्या दीड फूट पाण्याचा लोंढा पार्किंगमधल्या मोटारसायकली आणि माणूस दोन्ही पाडतो.

बांधाच्या आड तळमजल्यावर कोणीही रात्री झोपायचं नाही. आमच्याकडे 2024 ला एक आजी हटून बसल्या होत्या, "एवढं तुम्ही केलंय, मग मी कशाला जाऊ?" चेंबर उसळलं तेव्हा त्यांच्या खाटेखाली पाणी गेलं. त्यांना आम्ही वेळेत उचलून वर नेलं. आता आमच्या कमिटीचा नियम आहे: ट्यूब भरायला सुरुवात झाली की तळमजला रिकामा. प्रशासनाने निघायला सांगितलं तर ट्यूब कितीही भक्कम दिसली तरी निघायचं.

## टप्पा 10: पूर ओसरल्यावर

बाहेरचं पाणी रेषेपासून पूर्ण हटल्याशिवाय ट्यूब रिकामी करू नका. पातळी एकदा उतरून पुन्हा चढते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बंधाऱ्यावर पातळी इशाऱ्याच्या खाली येईपर्यंत थांबलेलं बरं.

मग आधी ड्रेनेजचे प्लग काढा. हवा हळूहळू सोडा आणि चेंबरपासून लांब उभे राहा, मागे अडलेलं पाणी जोरात येतं. ट्यूबमधलं पाणी रस्त्याच्या गटाराकडे सोडा, इमारतीच्या पायाकडे नाही. रिकामी झाल्यावर चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा, दोन्ही बाजूंनी, घड्यांतसुद्धा. काम करताना गमबूट आणि हातमोजे घाला. पायाला जखम असलेल्या माणसाने त्या चिखलात उतरू नये, आणि नंतर ताप आला तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं, लेप्टोस्पायरोसिसचं निदान त्याने लवकर होतं.

ट्यूब सावलीत पूर्ण वाळवा. ओली गुंडाळली तर महिन्यात बुरशी धरते आणि शिवणीचा डिंक सुटतो. छिद्रं पेनाने गोल करून ठेवा आणि लगेच ठिगळ लावा, मे महिन्यात ती सापडत नाहीत. गुंडाळी जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. उंदरांनी कुरतडलेली ट्यूब मी बघितली आहे, गुंडाळीच्या प्रत्येक थराला एकाच ओळीत भोक होतं.

वहीतल्या नोंदी त्याच आठवड्यात पुन्हा वाचून गेटच्या खांबावरचा आकडा दुरुस्त करा, आणि सापडलेलं नवीन तोंड नकाशावर चढवा. आमच्या नकाशावर आता सोळा आहेत.